रंगारी गल्लीतले एक्केचाळीस

मंगळवारी सकाळी दहा वाजता औषधांची गाडी रंगारी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली आणि रत्नमाला हत्तुरेने कपाळाला हात लावला. लागोपाठ सहावा मंगळवार. गाडी दोन वाजेपर्यंत थांबणार, चालक पेपर वाचत बसणार, नर्सबाई मोबाइल बघणार आणि एकही माणूस न येता गाडी परत जाणार. येणार तरी कोण? गाडीच्या यादीत गल्लीतले एक्केचाळीस रुग्ण होते. गल्लीत घरं होती सव्वीस, आणि त्या यादीतलं एकही नाव या सव्वीस घरांत राहत नव्हतं.

हे सगळ्या तालुक्यात एकट्या रत्नमालाला ठाऊक होतं, कारण ते पत्ते तिनेच लिहून घेतले होते.

कुंभेरीच्या सरकारी दवाखान्यातल्या एचआयव्ही उपचार केंद्रात ती एकोणीस वर्षं समुपदेशक होती. सुरुवातीच्या काळात माणसं यायची ती तोंडाला फडकं बांधून, तीन बस बदलून. नाव कसंबसं सांगायची, पण पत्त्याचा रकाना आला की उठून जायला निघायची. गावात पत्र आलं, कुणी चौकशीला आलं, तर घरातून बाहेर काढतील ही भीती. समोरचा माणूस औषध न घेता निघून जातोय हे बघून एके दिवशी रत्नमाला वैतागून म्हणाली, "लिहा रंगारी गल्ली, कुंभेरी. मी तिथेच राहते. पत्र आलं तर पोस्टमन माझ्याकडे आणून देईल." तो माणूस बसला. औषध घेतलं. पुढे ती अनेकांना तसंच सांगत गेली. कुणाचं खरं गाव कोणतं ते तिच्या डोक्यात असायचं. कागदावर मात्र सगळे तिचे शेजारी.

त्या कागदांचा पुढेमागे नकाशा होईल हे तिला कसं कळावं?

नकाशा आला दोन हजार तेहतीस साली. त्यामागचा विचार चांगला होता, हे रत्नमालाही मान्य करायची. एचआयव्ही झालेल्या माणसाने औषध नीट घेतलं की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि तसा माणूस लैंगिक संबंधातून दुसऱ्याला आजार देत नाही. म्हणजे साथ थांबवायची तर औषध कुठे पोचतंय आणि कुठे पोचत नाही हे कळलं पाहिजे. नकाशाने अख्ख्या राज्याचे पाव किलोमीटरचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनात किती रुग्ण, त्यांच्या रक्तात विषाणू किती, औषध किती दिवस चुकलं, जवळचा रस्ता कसा, हे सगळं एकत्र करून चौकोनाला रंग दिला. हिरव्या चौकोनात काळजी नाही. लाल चौकोनात आग लागलेली. गाड्या लालकडे धावणार.

त्याच सुमारास सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शनही आलं होतं. रोजच्या गोळ्या गेल्या, लपवायची डबी गेली. पण इंजेक्शनं महाग आणि मोजकी, म्हणून ती गाडीतल्या एका शीतपेटीत ठेवली जायची. पेटीला कुलूप होतं, आणि गाडी नेमून दिलेल्या चौकोनात उभी असेल आणि नेमून दिलेल्या रुग्णाचा अंगठा लागेल तेव्हाच ते उघडायचं. चोरी होऊ नये, गळती होऊ नये म्हणून. दवाखान्यातली औषधाची खिडकी बंद झाली. आता औषध माणसाच्या दारात जाणार होतं.

दार मात्र भलतंच होतं.

रत्नमालाने तक्रार केली नव्हती असं नाही. पोर्टलवर तक्रारीचे नऊ प्रकार होते आणि 'पत्ता मुळातच खोटा आहे' हा त्यांत नव्हता. तिने 'इतर' निवडून लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे. तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा निराकरण झालं. तिसऱ्यांदा तिने फोन लावला, तेव्हा पलीकडच्या मुलीने नम्रपणे सांगितलं की रुग्णांनी आधार कार्ड घेऊन स्वतः येऊन पत्ता बदलून घ्यावा. म्हणजे ज्यांनी आयुष्यभर खरा पत्ता लपवला त्यांनी तो आता कार्डानिशी सांगावा, आणि मग लाल पट्ट्याची ती गाडी त्यांच्या गावात, त्यांच्या घरासमोर जाऊन उभी राहावी. रत्नमालाने फोन ठेवला आणि चहाचा कप इतक्या जोरात आपटला की त्याचा कान तुटला.

गल्लीला हे सगळं कळलं ते नकाशामुळेच. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर तो सगळ्यांना दिसायचा. नावं नव्हती, फक्त रंग. कुणीतरी कुंभेरीवर बोट ठेवून मोठं करून पाहिलं तर सगळं गाव हिरवं आणि रंगारी गल्ली लालभडक. ते चित्र संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक मोबाइलवर पोचलं. मग गल्लीतल्या शिंप्याकडे ब्लाउज टाकणं बंद झालं. शाळेत गल्लीतल्या पोरांच्या डब्याला कुणी हात लावेना. आणि सगळ्यात मोठा फटका बसला सिंधूला.

सिंधू माळवदे रत्नमालाची शेजारीण, भिंतीला भिंत. तिचा नवरा टेम्पो चालवायचा. तो वारल्यावर सिंधूने कडक भाकरीचा धंदा सुरू केला. ज्वारीची पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी भाकरी आणि शेंगाची चटणी. तिच्याकडे सहा बाया कामाला होत्या आणि माल पुण्यापर्यंत जायचा. पाकिटावर पत्ता छापलेला होता : रंगारी गल्ली, कुंभेरी. चित्र फिरल्यानंतर पंधरा दिवसांत दुकानदारांनी माल परत पाठवायला सुरुवात केली. भाकरीतून एचआयव्ही पसरत नाही हे रत्नमाला दुकानादुकानांत जाऊन सांगून आली. दुकानदार म्हणाले, आम्हाला माहीत आहे ताई, पण गिऱ्हाइकाला कोण सांगणार?

सिंधू रोज येऊन भांडायची. तुझं ऑफिस, तुझा नकाशा, तूच पुसून टाक. रत्नमाला सांगायची, माझ्या हातात नाही. सिंधू म्हणायची, मग तुझ्या हातात आहे तरी काय? खरं सांगायचं म्हणजे एक्केचाळीस जणांची गुपितं उघडी करायची, आणि गप्प बसायचं तर सव्वीस घरांची बदनामी. रत्नमाला दोन्हीकडून चिडलेली असायची आणि घरी नवऱ्याने साधं पाणी मागितलं तरी त्याच्यावर खेकसायची.

मग मल्लम्माचा अहवाल आला.

मल्लम्मा कुंभेरीपासून बत्तीस किलोमीटरवरच्या शिरगोंडीत द्राक्षबागेत मजुरी करायची. कागदावर ती रंगारी गल्लीची. गाडी गल्लीत यायची तेव्हा ती बागेत. एकदा खाडा करून, तोंड झाकून ती गल्लीपर्यंत आलीही होती, पण गाडीभोवती उभी राहून शिव्या घालणारी माणसं बघून परतली. तिचं इंजेक्शन साडेतीन महिने लांबलं. या इंजेक्शनाचा हाच धोका होता. औषध अंगातून एकदम जात नाही. ते हळूहळू विरत जातं आणि कितीतरी दिवस अर्धवट जोराचं उरतं. विषाणू मरेल इतकं ते पुरेसं नसतं, पण त्याला चुकवायचं कसं हे शिकायला विषाणूला तेवढं बस होतं. मल्लम्माच्या रक्तातला विषाणू ते शिकला होता. तिच्यावर आता इंजेक्शन चालणार नव्हतं.

चार आठवड्यांनी तोच शिकलेला विषाणू आणखी दोघांच्या रक्तात सापडला. एक्केचाळिसांतली ही शेवटची दोन नावं, नुकतीच नोंदलेली, आणि त्यांनीही एका जुन्या रुग्णाच्या सल्ल्याने पत्ता दिला होता रंगारी गल्ली.

दुसऱ्या दिवशी राज्याच्या नकाशा कक्षातून ऋत्विक शेंडे आला. वय असेल अठ्ठावीस, अंगात खादीचा शर्ट, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं. त्याने पडद्यावर एक झाड दाखवलं. विषाणू माणसातून माणसात जाताना थोडा थोडा बदलतो, त्यामुळे कुणाचा विषाणू कुणाच्या जवळचा हे फांद्यांसारखं मांडता येतं, असं तो समजावून सांगत होता. तीन पानं एका फांदीवर, आणि तिन्ही एकाच चौकोनात. अशी फांदी पसरली तर या भागातलं इंजेक्शनच निकामी होईल, तो म्हणाला. म्हणून सोमवारपासून रंगारी गल्लीत घरोघर जाऊन प्रत्येकाचं रक्त तपासायचं. पोलिसांचीही मदत मागितली होती, लोक विरोध करतील म्हणून.

बातमी दवाखान्यातून गल्लीत पोचायला अर्धा तासही लागला नाही. रत्नमाला घरी आली तर तिच्या दारात गल्ली जमली होती. कुणी म्हणत होतं कोर्टात जाऊ, कुणी म्हणत होतं गल्लीच्या तोंडाला ट्रॅक्टर आडवा लावू. सगळ्यांत मोठा आवाज सिंधूचा होता. माझ्या अंगाला कुणी सुई लावून दाखवावीच, ती म्हणत होती. रविवारी सकाळी तिने घराला कुलूप लावलं आणि बहिणीकडे जाते असं सांगून निघून गेली.

त्याच सकाळी रत्नमाला शेंडेच्या लॉजवर गेली. तो इडली खात होता. तिने खुर्ची ओढली आणि एकोणीस वर्षांचं सगळं सांगून टाकलं. तो ऐकत राहिला. इडली तशीच राहिली.

"हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं, मॅडम," तो म्हणाला.

"तीन वेळा सांगितलं. दोनदा तुम्ही निराकरण केलंत, तिसऱ्यांदा आधार कार्ड मागितलंत."

त्याने लगेच लॅपटॉप उघडून त्या तक्रारी शोधल्या. त्या होत्या. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. ती उत्तरं माणसाने दिलेली नव्हती, तो हळूच म्हणाला. रत्नमाला म्हणाली, ते तिला तेव्हाच कळलं होतं.

त्याने सोमवारची तपासणी थांबवायचं कबूल केलं, पण मग एक्केचाळीस जणांची खरी गावं मागितली. ती नाही म्हणाली. तो समजावत राहिला. माहिती कुलूपबंद राहील, नावांऐवजी आकडे असतील, आणि गोपनीयतेचा कायदाही आहेच. रत्नमालाने त्याला गल्लीचा लाल चौकोन दाखवला आणि विचारलं, यात तरी कुणाचं नाव होतं का? शिरगोंडीत वस्तीवर पाच घरं आहेत. तिथला एक चौकोन लाल झाला तर मल्लम्माचं नाव वेगळं लिहायची गरजच नाही.

शेंडे वैतागला. त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मग मी औषध पाठवू कुठे? हवेत?"

हा प्रश्न मात्र खरा होता. रत्नमाला तो घेऊन शिरगोंडीला गेली.

मल्लम्मा वेलींखाली बसून फुटवे खुडत होती. इंजेक्शन आता चालणार नाही, पुन्हा रोजच्या गोळ्या आणि त्याही जास्त, हे ऐकूनही तिचे हात खुडतच राहिले. मग तिने रत्नमालाला सरळ विचारलं की तिची चूक काय झाली. रत्नमालाने सांगितलं, तुझी नाही, माझी. गोळ्यांची गाडी घरी पाठवू का म्हटल्यावर मल्लम्मा उठून उभीच राहिली. घरी नको. बागेतही नको. मग ती म्हणाली, "गुरुवारच्या बाजारात बांगडीवाल्या शेजारी थांबव की. तिथं बायकांची गर्दी असती. कुणी कुणाकडं बघत नाही."

परतीच्या बसमध्ये रत्नमालाला स्वतःचाच राग आला. एकोणीस वर्षं आपण लोकांना कुठे राहता हे विचारत आलो, आणि ते खोटं सांगत आले. कुठे भेटायचं हे एकदाही विचारलं नाही. ते विचारलं असतं तर खोटं सांगायचं त्यांना कारणच नव्हतं.

पुढचे दहा दिवस ती फोन करत होती, भेटत होती. कुणी साखर कारखान्याच्या वजनकाट्याजवळ म्हणालं, कुणी तहसीलच्या झेरॉक्सच्या दुकानात, कुणी दर्ग्याच्या मागे. एकजण म्हणाला, वीज मंडळाच्या बिलाच्या रांगेत, कारण तिथे तासभर उभं राहिलं तरी कुणाला संशय येत नाही. पाचजणांनी तिचा फोन उचलला नाही. दोघांनी नंबर बंद करून टाकला. एक मधल्या काळात वारला होता, आणि पोर्टलवर त्याच्या नावापुढे 'पत्त्यावर अनुपस्थित' असं लिहिलेलं होतं.

शेंडेने ही ठिकाणं नकाशात घालायला परवानगी मागितली. राहण्याच्या जागेऐवजी भेटण्याची जागा. वरून विचारणा आली की भेटण्याची जागा हा साथरोगशास्त्रातला मान्य घटक आहे काय. त्याने उत्तर दिलं. मग विचारणा आली की जागा बदलली तर काय. त्याने उत्तर दिलं. तीन आठवडे गेले, त्या फांदीवर चौथं पान आलं. शेवटी त्याने 'प्रायोगिक तत्त्वावर, एका तालुक्यापुरते' असे शब्द घालून अर्ज केला आणि परवानगी दोन दिवसांत मिळाली. सार्वजनिक नकाशातला चौकोन त्याने तालुक्याएवढा मोठा केला. त्याहून आत बोट ठेवून काही दिसणार नव्हतं. गाडीवरचा लाल पट्टाही खरवडून काढला.

नवा नकाशा फार विचित्र दिसायचा, शेंडे सांगायचा. माणसं राहतात तिथे काहीच नाही. सगळे ठिपके बाजारात, फाट्यावर, रांगांमध्ये. पण शीतपेटी उघडू लागली. दुसऱ्या महिन्यात एक्केचाळीसपैकी तेहतीस जणांनी औषध घेतलं. ती फांदी चारच पानांवर थांबली.

रत्नमालाला मात्र खुलाशाची नोटीस आली. शासकीय नोंदवहीत जाणीवपूर्वक चुकीची माहिती भरली म्हणून. तिने जे घडलं ते तारखांसकट लिहून दिलं. एक वेतनवाढ रोखण्यात आली. गल्लीला सांगायचं तेवढं अजून बाकी होतं.

ते तिने एका संध्याकाळी देवीच्या मंडपात सगळ्यांना बोलावून सांगितलं. माझ्यामुळे तुमची गल्ली लाल झाली, ते सगळे बाहेरगावचे होते, या गल्लीत एकही रुग्ण नाही. शिंप्याने तिला तोंडावर शिव्या दिल्या. त्याच्या बायकोने त्याला गप्प केलं, पण जाताना रत्नमालाकडे बघितलंही नाही. कुणाचंच चुकलं असं रत्नमालाला वाटलं नाही. सिंधू बहिणीकडून परतली होती. ती मागे खांबाला टेकून उभी होती. सगळ्यांत जास्त तीच बोलेल असं रत्नमालाने धरलं होतं. ती एक शब्द न बोलता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गल्ली जेवून पडली होती तेव्हा, सिंधू आली. तिने दार आतून लावून घेतलं. ती बारीक झाली होती. रत्नमालाला वाटत होतं धंदा बसला त्याची काळजी.

"काल तू एक खोटं बोललीस," सिंधू म्हणाली. "गल्लीत एकही नाही म्हणालीस."

बारा वर्षं, सिंधूने सांगितलं. नवरा गेला त्याच वर्षी कळलं. दर तीन महिन्यांनी माहेरच्या देवाला म्हणून ती जायची ती खरी पलीकडच्या जिल्ह्यातल्या केंद्रात. तिथे तिनेही खोटाच पत्ता दिला होता, त्या शहरातल्या कुठल्यातरी गल्लीचा. त्या जिल्ह्यात इंजेक्शन अजून पोचलं नव्हतं, रोजच्या गोळ्याच चालू होत्या. नकाशा आला, त्या केंद्राची खिडकीही बंद झाली, आणि सिंधूचं औषध दर महिन्याला त्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभं राहू लागलं. सुरुवातीला ती एकदा गेली. तिथली माणसं गाडीवर दगड मारत होती. तेव्हापासून, म्हणजे साडेसात महिने, तिच्या पोटात एकही गोळी नव्हती. तोंड आतून आलं होतं. संध्याकाळी ताप यायचा.

रत्नमालाला आधी आला तो राग. एकोणीस वर्षं तिने तीन बस बदलून येणाऱ्या माणसांना धीर दिला होता, आणि भिंतीपलीकडे ही.

"माझ्याकडे यायचं होतंस. दोन पावलांवर राहते मी."

"म्हणूनच नाही आले," सिंधू म्हणाली. "तिकडची बाई मला ओळखत नव्हती. तू रोज बघितलं असतंस माझ्याकडं. तोंडाने काही बोलली नसतीस, पण गोळी घेतली का हे डोळ्यांनी विचारलं असतंस. भाकरी थापताना, पाणी भरताना. मला एक जागा पाहिजे होती जिथं मी नुसती सिंधू असेन."

रत्नमालाला बोलण्यासारखं जे जे सुचत होतं ते सगळं समुपदेशकाचं होतं.

त्याच आठवड्यात सिंधूचं रक्त तपासलं, शेजारच्या तालुक्यात. विषाणू खूप वाढला होता, पण तो काही शिकलेला नव्हता. रोजच्या गोळ्या एकदम तुटल्या होत्या, अर्धवट उरल्या नव्हत्या, म्हणून. जुनीच औषधं चालणार होती. फॉर्म रत्नमालानेच आणला आणि सिंधूने तो स्वतःच्या हाताने भरला. भेटण्याची जागा म्हणून तिने फाट्यावरची पिठाची गिरणी लिहिली, वार बुधवार. मग सगळ्यात खालच्या रकान्यावर बोट ठेवून तिने रत्नमालाकडे बघितलं. समुपदेशकाचं नाव.

"इथं तू नकोस, रत्नाक्का."

रत्नमालाने दुसऱ्या तालुक्यातल्या एका बाईंचं नाव घातलं आणि बदलीच्या कागदावर सही केली.

आता भाकरीची पाकिटं पुन्हा पुण्याला जातात, आधीपेक्षा कमी. पाकिटावर फक्त कुंभेरी छापलेलं असतं. सिंधूच्या अंगावर थोडं मांस आलं आहे. बुधवारी नऊच्या सुमारास ती ज्वारीची पिशवी काखेला मारून निघते, आणि रत्नमाला बहुतेक वेळा दारातच असते. गल्लीत कुणीही दिसलं की कुठं निघालीस असं विचारायची पद्धत आहे. रत्नमाला विचारत नाही. ती वर आभाळाकडे बघते, नाहीतर रस्त्यावरच्या कुत्र्याला हाकलते, आणि सिंधू वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे पाठ करून उभी राहते. एवढंसं काम, पण दर बुधवारी तिला ते नव्याने करावं लागतं.